विबकरचं पिवळं इंजिन

गावात व्हर्जिल विबकरला सगळे 'थांब्या' म्हणत. मक्याच्या शेतांच्या मधोमध, जिथे चारी दिशांना एक कुत्रं दिसत नाही, अशा चौकातही तो गाडी पूर्ण थांबवायचा. डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, आणि काही नजरेतून सुटलं असेल म्हणून पुन्हा डावीकडे. मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवून थकायचे. तो शाळेची बस चालवायचा. ज्यांना त्याने पहिलीत बसच्या पायरीवरून हात धरून चढवलं होतं, त्यांची पोरं आता त्याच बसमध्ये बसत होती, आणि इतक्या वर्षांत बसच्या आरशालासुद्धा कधी ओरखडा गेला नव्हता. घरी तो रोज रात्री टोस्टरची वायर काढून ठेवायचा.

रमोनाने त्याच्याशी लग्न केलं ते याच कारणासाठी. तिचा धाकटा भाऊ लायनस कालव्याच्या पुलावर गाडीसकट गेला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. प्यायला नव्हता, काही नाही. नुसता वेग. पुढच्याच वर्षी चर्चच्या मासळीच्या जेवणावळीत व्हर्जिलने तिला घरी सोडू का विचारलं. वाटेत तिच्या आईने सायकलवरून त्यांना मागे टाकलं. रमोनाने त्याच रात्री मनात ठरवून टाकलं, की हाच.

त्यांची एकुलती एक मुलगी जनेल मात्र मामावर गेली. ती जवळच्या सेलिना गावात एका इंजिनांच्या वर्कशॉपमध्ये सिलिंडर बोअर करायचं, म्हणजे आतून घासून रुंद करायचं काम करायची. नखांत काळं, डोक्याला रुमाल, आणि विसाव्या वर्षाच्या आत वेगासाठी दोनदा दंड. एकदा तर पिकअप घेऊन ती थेट शेजारच्या होमनांच्या ओढ्यात उतरली आणि हसत घरी चालत आली. त्या दिवसापासून तिची गाडी अंगणात शिरेपर्यंत रमोनाला जेवण जात नसे.

व्हर्जिलच्या आत्याने, अल्विनाने, मरताना आपली डार्ट गाडी या घराला दिली. अल्विना फादरांच्या घरी स्वयंपाक करायची. सदुसष्ट सालची ती फिक्कट निळी गाडी जन्मभर चर्चला नाहीतर किराणा दुकानाला गेली होती. आत सहा सिलिंडरचं, एका अंगावर कललेलं छोटं इंजिन. त्याने कधी कोणाचं वाईट केलं नव्हतं. रमोनाला वाटलं, देवच पावला. जनेलला हीच गाडी द्यावी, हिच्यात ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी काय होणार आहे?

एप्रिलमधल्या एका शनिवारी ती चर्चमधली फुलं बदलून घरी आली आणि शेडच्या दारातच तिच्या हातातली बादली पडली. डार्टचं पुढचं तोंडच नव्हतं. बॉनेट भिंतीला टेकवलेलं, छोटं इंजिन फळीवर बाजूला काढलेलं. पलीकडे व्हर्जिलच्या थोरल्या भावाचं, ओथमारचं जुनं मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उभं होतं, तेच ज्यात ओथमारचं कुटुंब एकदा फ्लोरिडाला गेलं आणि आयुष्यभर त्याबद्दल बोलत राहिलं. त्याचा तळ दोन सीटांच्या मधून कापून उघडा केला होता. आणि चेनपुलीला लटकत होतं त्यातून उपसलेलं इंजिन. तेलाने काळंकुट्ट, आठ सिलिंडरचं व्ही-आठ, आणि केवढं तर एखादं वासरू टांगावं तेवढं.

"जनेल!" रमोना ओरडली. "हे काय मांडलंयस? हे त्या एवढ्याशा गाडीत घालणार तू?"

जनेलने पाना खाली ठेवला आणि बापाकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"तिला बोलू नकोस," व्हर्जिल म्हणाला. तो चेनपुलीच्या मागे उभा होता, साखळी दोन्ही हातांत धरून. "कल्पना माझी आहे."

"कोणाची?"

"माझी. ती तर नको म्हणत होती."

"मी म्हटलं, डॅड, हे बिग ब्लॉक आहे," जनेल म्हणाली. "दहा माणसांचं घर ओढायचं इंजिन आहे हे. ती गाडी म्हणजे त्याच्यापुढे कापूस, उडेल ती. तर म्हणतो, मोजून बघ, बसतं का. आणि मॉम, बसतं. बोटभर जागा राहते."

रमोनाला बसायला काही सापडेना, ती उलट्या बादलीवर बसली. "व्हर्जिल, तू टोस्टरची वायर काढतोस."

"हो."

"आपल्या लग्नाला तू गाडी इतकी हळू आणलीस, की पाहुण्यांच्या मागून पोचलास."

"हो गं." त्याचे कान लाल झाले होते. "आयुष्यभर पाठीमागे पोरं बसवून हळूहळू गेलो. तक्रार नाही. पण एकदा वाटतं, पायाखाली काहीतरी असावं. दाबायचं नाही. मी दाबणारच नाही. फक्त आहे, आणि आपण दाबत नाही, असं."

एवढी वर्षं एका पलंगावर झोपलेला माणूस आपण आज पहिल्यांदा बघतोय, असं तिला वाटलं. ओरडण्यासाठी भरून घेतलेला श्वास तिने तसाच सोडला. मग तिने एक अट घातली, आणि त्या अटीवर सगळा उन्हाळा उभा राहिला: गाडी जनेलने चालवायची नाही. कधीच नाही. स्टेअरिंगवर फक्त व्हर्जिल.

"म्हणजे मी बोअर करणार, मी रिंगा बसवणार, आणि चालवणार हा थांब्या?" जनेल म्हणाली.

"हो. तुझ्या हातात ते इंजिन आलं तर मी तुझ्या मामाच्या कबरीशेजारी तुझी जागा बघून ठेवते."

मामाचं नाव जनेल विनोदात घेत नसे. तिने पाना पुन्हा उचलला.

शाळेला सुट्टी लागली आणि बाप-लेक शेडमध्ये राहायलाच गेले. इंजिनाचा सांगाडा, म्हणजे ब्लॉक, सेलिनाला नेऊन जनेलने बोअर केला. क्रँकचा दांडा घासून गुळगुळीत होऊन आला. रमोना लिंबू घातलेला थंड चहा आणि हॅमचे सँडविच घेऊन जायची आणि दारात उभी राहून बघायची. तिला वाटलं होतं पोरगी घाई करेल आणि बाप आवरेल. तसंच दिसतही होतं. व्हर्जिलने आधी ब्रेक बदलायला लावले. भंगारातल्या एका गाडीचे मोठे डिस्क ब्रेक आणून पुढच्या चाकांना बसवले, समोरचं वजन पेलायला जाड स्प्रिंगदांडे घातले. "थांबता आलं पाहिजे आधी," तो म्हणायचा, आणि रमोनाला बरं वाटायचं. सायलेन्सरचा पाइप स्टेअरिंगच्या पेटीला घासत होता, तो त्यांनी तीनदा कापून जोडला. इंजिनाला रंग कोणता द्यायचा यावरून वाद झाला, तेव्हा व्हर्जिलने बसच्या गॅरेजमधून उरलेला डबा आणला आणि ब्रशने अख्खं इंजिन शाळेच्या बससारखं पिवळं करून टाकलं. ओथमार बघायला आला तर खोकला लागेपर्यंत हसला. "आता याच्यावर 'मुले उतरत आहेत' असंही लिही!"

इंजिन शेवटी जागेवर बसलं, त्या दिवशी रमोना कोबीची भाजी निवडत शेडच्या दारात बसली होती. जनेल एक गंजकी साखळी इंजिनाच्या डाव्या अंगाला बोल्टने जोडत होती. गोठ्यात गाय बांधायची साखळी.

"हे कशाला?"

"फाउंडेशनचं रबर, इंजिन ज्याच्यावर बसतं ते, जुनं आहे," जनेल म्हणाली. "मोटारहोमचंच आहे, तेल पिऊन मऊ झालंय. नवं मागवलंय, पण सप्टेंबरशिवाय येत नाही. आणि हे इंजिन रेस दिली की डावीकडून वर उठतं. रबर फाटलं तर उडीच मारेल."

"मारू दे की. बॉनेटला लागेल."

"मॉम, नीट ऐक. ही बघ सळई. डॅडच्या पायातल्या पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाते. तिचं एक टोक गाडीच्या अंगाला, दुसरं इंजिनाला. इंजिन वर उठलं की सळई आपोआप ओढली जाते, म्हणजे रेस आणखी. रेस आणखी म्हणजे इंजिन आणखी वर. मग तुम्ही पाय काढा नाहीतर पाय कापा, गाडी जातेच."

रमोनाच्या हातात कोबीचं पान तसंच राहिलं. "आणि तुम्ही यात बसणार?"

"म्हणून तर साखळी. असं मोठं इंजिन टाकणारे सगळेच लावतात. ही आहे तोवर इंजिन बोटभरसुद्धा उठणार नाही."

"ही सुटली तर?"

"नाही सुटत," व्हर्जिल म्हणाला. त्याने साखळी ओढून बघितली, डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, आणि पुन्हा ओढली.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा तळघरातल्या लोणच्याच्या बरण्या एकमेकींवर वाजल्या. कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत. रमोना कानांवर हात ठेवून स्वयंपाकघरातून पळत आली, तर व्हर्जिल गाडीत बसला होता, पाय पेडलपासून लांब, आणि चेहरा असा की जणू कोणीतरी त्याचं नाव घेऊन हाक मारतंय. ती घाबरली होती. पण तिला हसूही आलं.

ऑगस्टमध्ये चर्चची जत्रा. सकाळी मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन, दुपारी मिरवणूक, मग बिंगो आणि बीअर. रमोना नेहमीप्रमाणे चिकनच्या बनांच्या ठेल्यावर होती. चिकन उकडून, सोडवून, बिस्किटांचा चुरा घालून घट्ट केलेलं, मोठ्या पातेल्यात. तिथून तिला गाड्यांची रांग दिसत होती. डार्टचं बॉनेट उघडं होतं. पिवळं इंजिन उन्हात झळकत होतं आणि लोक वाकून वाकून बघत होते. व्हर्जिलने आदल्या दिवसभर ते टूथब्रशने घासलं होतं.

तिथून ओथमारचा आवाज आला. त्याचा आवाज नेहमीच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. "काय रे व्हर्जिल, इंजिन बांधून ठेवलंयस कुत्र्यासारखं? चावतं का?" लोक हसले. रमोनाला एवढंच ऐकू आलं, कारण तेवढ्यात फादर तीन बन मागायला आले.

दुपारी जनेल ठेल्यावर आली, हातात निळी फीत. "सर्वांत स्वच्छ इंजिन! मॉम, डॅडला बक्षीस मिळालं. तो रडायचाच बाकी आहे. मिरवणुकीत मी शेजारी बसते हं, चालवतोय तोच, तुझ्या अटीप्रमाणे."

"पट्टा लाव."

"लावते."

"आणि त्याला म्हणावं, हळू."

"मॉम. तो डॅड आहे."

मिरवणूक निघाली. पुढे शाळेचा बँड, मग आगीचा बंब, मग ट्रॅक्टर, मग गाड्या. डार्ट मुंगीच्या चालीने ठेल्यासमोर आली. व्हर्जिल दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ताठ बसला होता, आणि रमोनाकडे बघून त्याने हनुवटी किंचित उचलली. तिला अभिमान वाटला. तिचा सगळा धीर या एका हिशोबावर उभा होता: स्टेअरिंगवर व्हर्जिल आहे, म्हणजे पोरगी घरी येणार.

मैदानाच्या टोकाला, गवताच्या गाडीवर बसलेला ओथमार ओरडला, "अरे, ते वाजतं का नुसतंच स्वच्छ आहे? शिलाई मशीन बसवलंस का आत?"

सगळी गर्दी हसली. गवतगाडीवरची पोरं, व्हर्जिलच्याच बसमधली पोरं, ओरडायला लागली: "दाबा! मिस्टर विबकर, दाबा!"

आणि त्याने दाबलं. किती? अंगठ्याच्या नखाएवढं, असं तो नंतर म्हणायचा. रमोनाने एक आवाज ऐकला, जाड कापड फाटल्यासारखा, आणि मग दुसरा, ज्याला आवाज म्हणता येणार नाही. गाडीचं तोंड वर उचललं गेलं. मागच्या चाकांतून धूर आला. बॉनेटच्या डाव्या बाजूला आतून कोणीतरी बुक्की मारल्यासारखा फुगवटा आला. आणि डार्ट, अल्विना आत्याची डार्ट, रांगेतून सुटली. ती बंबाच्या बाजूने, बिंगोच्या तंबूची दोरी तोडून, बेसबॉलच्या मैदानावरून, कुंपणाच्या जाळीतून सरळ आरपार गेली आणि सोयाबीनच्या शेतात दिसेनाशी झाली.

मग आवाज एकदम बंद झाला. तो बंद होणं जास्त भयंकर होतं. बँडमधल्या एका पोराची तुतारी तेवढी चालू होती, त्याला कळलंच नव्हतं.

रमोना धावली. हातात पळी होती, ती तिला नंतर सापडली. ती पडलेल्या जाळीवरून गेली, सोयाबीनमध्ये दोनदा पडली. तोंडात एकच वाक्य होतं, लायनसच्या वेळेला आईच्या तोंडात होतं तेच: नाही, नाही, नाही. गाडी मातीत रुतून उभी होती. चालकाच्या शेजारचं उजवं दार उघडलं आणि जनेल बाहेर आली. दोन्ही पायांवर. नाकातून रक्त, बाकी अख्खी.

आणि रमोनाने काय केलं? तिने पोरीच्या दंडाला धरून हलवलं. "तूच! तूच त्याला चिथावलंस! मी म्हटलं होतं तुला, म्हटलं होतं ना!"

जनेलने मूठ उघडली. आत गाडीची किल्ली होती, इतकी घट्ट धरलेली की तळव्यावर तिचे दाते उमटले होते. "मॉम, मी बंद केली. स्टेअरिंग मीच फिरवलं. पोरं होती समोर."

व्हर्जिल आतच होता. स्टेअरिंग धरून, समोर बघत, उजवा पाय ब्रेकवर ताणलेला. इंजिन कधीचं मेलं होतं, तरी तो ब्रेक दाबत होता. "ब्रेक दाबलाय मी," तो म्हणत होता. "ब्रेक दाबलाय. दाबलाय ना मी ब्रेक."

जनेलने बॉनेट उघडलं, ते अर्धंच उघडलं. पिवळं इंजिन एका अंगावर कललं होतं, रबराच्या चिंध्या झाल्या होत्या. ती वाकली. हात घालून चाचपडली. मग तिने मान वर केली आणि रमोनाने पोरीचा चेहरा पांढरा होताना पाहिला. गाडी उडत होती तेव्हासुद्धा तो इतका पांढरा झाला नसेल.

"डॅड, साखळी कुठाय?"

व्हर्जिलचा पाय अजून ब्रेकवरच होता.

"डॅड."

"डिकीत."

"कशाला?"

"खराब दिसत होती." त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता. "ओथमार म्हणाला, कुत्र्यासारखं… परीक्षक यायचे होते. म्हटलं, प्रदर्शनापुरती. मग फीत मिळाली, आणि… राहूनच गेली."

रमोना त्याच्याकडे बघत राहिली. मागून माणसं धावत येत होती, ओथमार सगळ्यांत पुढे, त्याची टोपी उडाली होती, तो "कोणाला लागलं? कोणाला लागलं?" करत होता. रमोनाला कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं. वर्षानुवर्षं ती चुकीच्या माणसासाठी जागी राहिली होती. पोरीच्या गाडीचा दिवा दिसेपर्यंत खिडकीत उभी राहायची आणि शेजारी घोरणाऱ्या या माणसाला मोजतच नव्हती. हा तर टोस्टरची वायर काढतो.

लोकांनी नंतर व्हर्जिलला बरंच समजावलं. कोणालाच मोठी इजा झाली नाही, तुटली ती तंबूची एक दोरी आणि कुंपणाची जाळी, आणि ती तर ओथमारने दुसऱ्याच दिवशी स्वतः बसवून दिली. पण व्हर्जिलचं खाणं कमी झालं. तो चौकात आता इतका वेळ थांबायचा की मागची माणसं उतरून विचारायला यायची. शाळा सुरू व्हायच्या आधी एका संध्याकाळी, ताटातला मका न खाता, तो म्हणाला, "मला ब्रेकशिवाय काही आठवलंच नाही, रमोना. किल्ली समोर होती. डॅशवर. हात पुरला असता. मला माहीतच नव्हतं की गाडी अशीही बंद करतात. मी आजवर फक्त थांबवलीय."

"मग शीक," जनेल म्हणाली. तोंडात घास होता.

"या वयात?"

"या वयात बिग ब्लॉक टाकलंस ना?"

नवं रबर आलं. साखळी परत लागली, आणि जनेलने तिच्या बोल्टांवर वेल्डिंग मारलं, म्हणजे आता कोणाला सुंदर दिसायची कितीही हौस आली तरी ती निघणार नाही. बॉनेटचा फुगवटा तसाच ठेवला. एका रविवारी प्रार्थनेनंतर ते तिघं होमनांच्या रिकाम्या शेतातल्या मातीच्या रस्त्यावर गेले. व्हर्जिल सवयीने डाव्या, चालकाच्या दाराकडे निघाला.

"तू नको," रमोना म्हणाली.

तो थांबला.

"जनेल चालवेल."

शब्द बाहेर पडल्यावर ती स्वतःच दचकली. जनेल तर पुतळ्यासारखी उभी राहिली. "मॉम, तुला बरं आहे ना?"

"नाही. अजिबात नाही. बस, नाहीतर मी बदलेन."

"एका अटीवर," जनेल म्हणाली. आता तिची पाळी होती. "शेजारी बसेल त्याला ती बंद करता आली पाहिजे. मला काही झालं तर? डॅड आधी."

व्हर्जिल शेजारी बसला. पहिल्यांदा जनेलने रेस दिली तेव्हा त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर जोरात आपटला आणि हात मांडीवरच राहिला. दुसऱ्यांदा हात उठला, पण उशिरा. पाचव्यांदा की सहाव्यांदा त्याने किल्ली फिरवली, गाडी गुरगुरत शांत झाली, आणि तो बाहेर येऊन गवतात बसला आणि बराच वेळ चेहरा हातांत धरून राहिला.

"आता तू," जनेल म्हणाली.

रमोना आत बसली. पट्टा लावला, तपासला, पुन्हा तपासला. पायाखाली ते इंजिन थरथरत होतं, जिवंत, पिवळं, बांधलेलं. तिच्या दाढा एकमेकींवर वाजत होत्या. समोर कापणी झालेलं शेत, सरळ रस्ता, आणि बाजूला वीस वर्षांची पोर, डोक्याला रुमाल, नखांत काळं.

"मी तीनपर्यंत मोजते," जनेल म्हणाली. "तीनला दाबते. मग तू बंद कर. घाबरू नकोस. एक…"

रमोनाने किल्ली फिरवली.

"मॉम! मी अजून दाबलंच नाही!"

"मला माहीत आहे," रमोना म्हणाली. किल्ली तिने मुठीत घट्ट धरली होती. "पुन्हा कर. दोनपर्यंत तरी जाऊ."